तिकडं रात्र आहे

"घड्याळाला हात लावायचा नाही," नलवडे काकूंनी फोन काउंटरवर ठेवला, पण वरचा पंजा काही उचलला नाही. "बाकी काय करायचं ते कर."

मी म्हटलं, काकू, घड्याळच तर चुकलंय. इथं टळटळीत दुपार आणि तुमच्या फोनात रात्रीचा एक वाजायला आलाय.

"चुकलेलं नाही गं ते. ते तिकडचं आहे."

कराडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तेव्हा माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. या गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं होतील. बाई दुरुस्ती करते यावर लोकांचा विश्वास बसायचा नाही. निम्मी गिऱ्हाइकं आत डोकावून 'दुकानदार कुठं गेले?' असं मलाच विचारायची, आणि मी मुळातच तोंडाची फटकळ असल्यामुळं 'वारले' म्हणून सांगायची. नलवडे काकूंनी मात्र तसलं काही विचारलं नव्हतं. एप्रिल संपत आलेला, उन्हानं गल्ली ओस पडलेली, आणि त्या पदरानं कपाळ पुसत सरळ माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसल्या होत्या.

त्यांची तक्रार अशी होती. मोतीबिंदू दाखवायला डॉक्टरांनी सकाळी अकराला बोलावलं होतं. काकूंनी ते फोनमधल्या कॅलेंडरात लिहून ठेवलं. फोन वाजला तो रात्री, दोघं गाढ झोपल्यावर. काका दचकून उठले, डॉक्टरांची वेळ तर कधीच टळून गेली होती. गोळ्यांचं तेच, गॅसच्या नंबराचं तेच. काका म्हणत होते, हा फोन कपाटात टाक आणि नवीन घे. काकूंना तो टाकायचा नव्हता. घड्याळ परदेशातलंच राहिलं पाहिजे आणि आठवण मात्र कराडच्या वेळेनं झाली पाहिजे, अशी त्यांची अट होती.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत काकू," मी हसत म्हटलं.

"राहतील. तू हुशार आहेस म्हणून सांगितलंय मला."

आणि खरं तर ते जमण्यासारखं होतं. फोनच्या घड्याळाचा देश वेगळा आणि आतल्या कॅलेंडराचा देश वेगळा, असं ठेवता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मी कॅलेंडर उघडलं, देश बदलून भारत केला आणि फोन त्यांच्याकडं वळवला. वळवता वळवता सहज विचारलं, कुणाचा फोन हा?

"हर्षदचा. माझा मुलगा. कॅनडात होता, एडमंटनला. त्याच्या सामानात आला." मग मला कळलं नसेल असं वाटून त्यांनी पुढं सांगितलं, "गेल्या वर्षी गेला तो. गाडीचा अपघात झाला."

मघाच्या थट्टेची मला लाज वाटली. पाणी पाहिजे का विचारलं, तर त्या म्हणाल्या, पाणी राहू दे, हे आधी बघ, सगळं इकडचं तिकडं झालंय.

झालं होतंच. हर्षदनं तिकडं बसून ज्या नोंदी केल्या होत्या त्या भारताची वेळ लावताच आपोआप बरोबर झाल्या. काकूंनी कराडात बसून, पण तिकडच्या घड्याळावर केलेल्या सगळ्या नोंदी बिघडल्या. अकराची वेळ रात्री साडेदहाला जाऊन बसली. म्हणजे आता एकेक नोंद उघडायची, ती आईची की मुलाची हे ओळखायचं, आईची असेल तर हातानं दुरुस्त करायची आणि मुलाची असेल तर तशीच ठेवायची. मी स्टूल ओढून काकूंच्या शेजारी जाऊन बसले. 'गॅस' आईची. 'बी१२ गोळी' आईची. 'आईला फोन', दर रविवारी, मुलाची. मी पटकन पुढची उघडली.

दर गुरुवारी एक नोंद इंग्रजीत होती. हर्षद, कचरा. मी विचारलं, ही काढू का?

"नको. तीन पोरं एकत्र राहायची तिथं. पाळ्या लावल्या होत्या कचऱ्याच्या, भांड्यांच्या. तिघांचं कॅलेंडर एकच आहे ते." काकू म्हणाल्या, "गुरुवारी वाजलं की मी पण आमची बादली बाहेर ठेवते."

आमच्याकडं आजी गेल्यावर तिची जपमाळ ठेवली होती, फोटो ठेवला होता. पण गेलेल्या माणसाची कचऱ्याची पाळी दर आठवड्याला येत राहावी, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी राहिली ती नोंद मे महिन्यातली. तीही त्या सामाईक कॅलेंडरातलीच. लिहिणारा गुरप्रीत, हर्षदच्या खोलीवरचा मित्र. 'हर्षद की बरसी' असं वर लिहिलं होतं आणि खाली दोन ओळी, की ज्या वेळी तो गेला त्याच वेळी सगळे जमून अरदास, म्हणजे त्यांची प्रार्थना, करू. देश बदलायच्या आधी ही नोंद आठ तारखेला संध्याकाळी दिसत होती. आता ती नऊ तारखेला, सकाळी सात वाजता आली होती.

"ही नाही अजून बरोबर आली," काकू म्हणाल्या. "दहा पाहिजे."

मी परत तपासलं. आपण त्यांच्या पुढं असतो, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ. आठची नऊ होणार. दहा काही होत नाही.

"होत नाही कसं? नऊला तेजूचं लग्न होतं आमच्या." तेजू म्हणजे तेजस्विनी, हर्षदची धाकटी बहीण. त्याला रजा मिळाली नव्हती म्हणून तो लग्नाला येऊ शकला नव्हता. "दहाला सकाळी फोन आला ह्यांना, आत्ताच गेला म्हणून. एवढं तरी देवानं केलं बघ. पोरीचं लग्न पार पडू दिलं."

मी म्हटलं, मग गुरप्रीतनं चुकून आदल्या दिवशी लिहिलं असेल. ती नोंद त्याची आहे, मला बदलता येणार नाही. पण त्यात एवढं काय काकू, तारीख तुम्हाला माहितीच आहे की.

तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध होतं. दर महिन्याला त्या दहा तारखेची तिथी धरून पान वाढत होत्या. पण कॅलेंडरात आधी आठ तारीख दिसली तेव्हापासून त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, तिथी नक्की करा वहिनी, चुकीच्या दिवशी वाढलेलं पान त्याचं नव्हे.

"आणि तो येतो गं," काकू एकदम हळू बोलायला लागल्या. "स्वप्नात. बॅग घेऊन दारात उभा असतो आणि दाराला बाहेरनं कुलूप. मी मागं रस्त्यावर असते, हाका मारते, त्याला ऐकू जात नाही. कुलूप हातात धरून बघतो, आणि माघारी जातो. दर वेळी तेच. मला सांग, दहा तारखेला आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं. अंथरूण टाकायला जागा नव्हती. मग कुलूप कुठनं आलं?"

त्यांना एवढंच पाहिजे होतं की कुणीतरी खात्रीनं सांगावं, पोरगं कुठल्या दिवशी गेलं, म्हणजे त्या दिवशी त्याला जेवू घालता येईल. त्यांनी मला गुरप्रीतला हिंदीत लिहायला लावलं, बेटा, तारीख चुकली आहे का, बघून सांग. तिकडं रात्र होती, उत्तर लगेच येणार नव्हतं. काकू उठल्या. फोन इथंच राहू दे म्हणाल्या, घरात ह्यांना तो डोळ्यांसमोर नको असतो. उद्या सकाळी येते.

त्या गेल्यावर मी एक बिघडलेला चार्जर घेऊन बसले. लग्न कुठं झालं असेल, हा साधा विचार माझ्या मनात आला. कार्यालयातच झालं असणार. मग नऊ तारखेला सगळं घर कार्यालयात, आणि घराला कुलूप. माझ्या हातातलं काम थांबलं. भर दुपारी मी उठून दुकानातला दुसरा दिवाही लावला.

ऊन कलल्यावर नलवडे काका आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नीटनेटके, बुशशर्टाच्या खिशाला पेन. ते स्टुलावर बसले नाहीत. घरी काकूंनी सगळं सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. म्हणाले, ती नोंद दहा तारखेवर सरकवता येईल का. मी म्हटलं, येणार नाही. मग पुसून टाका म्हणाले. यंत्र आहे, चुकतं, मी समजावतो तिला.

"यंत्र चुकलेलं नाही काका."

ते काउंटरच्या काचेखालची फोनची कव्हरं बघत राहिले. तेवढ्यात हर्षदचा फोन वाजला. गुरप्रीत उठला होता. काका म्हणाले, वाच. मी वाचलं. तारीख बरोबर आहे आंटीजी, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो, आणि अंकलजींना मी त्याच रात्री फोन केला होता.

त्याच रात्री म्हणजे आपल्या नऊ तारखेच्या सकाळी.

"फेटा बांधत होते मला," काका म्हणाले. "निम्मा झाला होता. फोन उचलला, कानाला लावला, तर फेटेवाला म्हणतोय, साहेब मान हलवू नका. नाही हलवली. सगळं ऐकून घेतलं तसंच, ताठ मानेनं."

त्यांनी सांगितलेलं बाकीचं मी थोडक्यात सांगते, कारण ते स्वतःच तुटक तुटक बोलत होते. सनई सुरू झाली होती. वऱ्हाड दारात आलं होतं. तेजू हिरवा चुडा भरून आत बसलेली. त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला, व्याह्यांची गळाभेट घेतली, कन्यादान केलं. रात्री पाठवणी झाली. बायको दमून झोपली तेव्हा तिला त्यांनी झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जाऊन फोन कानाला लावल्यासारखं केलं, आणि मग आत येऊन सांगितलं.

मी विचारलं, कुणालाच बोलला नाहीत? भावाला तरी?

"सुतक आहे ते, पोरी. कळलं की लागतं. कळलं नाही तर लागत नाही. म्हटलं, एकट्यालाच लागू दे."

मला त्यांचा राग आला होता आणि तो टिकेना, म्हणून आणखीच राग आला. मी म्हटलं, काकू वर्षभर भलत्याच दिवशी पान वाढतायत, त्यांना वाटतं पोरगं उपाशी माघारी जातंय. काका म्हणाले, उपाशी नाही जात. दर महिन्याला आदल्या दिवशी मी संगमावर फिरायला जातो म्हणून सांगतो. डब्यातली पोळी ठेवून येतो तिथं. पोचतं त्याला.

मग हात जोडून म्हणाले, ते उत्तर पुसून टाक.

एवढ्या वयाचा माणूस हात जोडतोय हे मला बघवेना. तरी मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. म्हटलं, काका, मी फोन दुरुस्त करते, बिघडवत नाही. आणि सांगायचं तर तुम्हीच सांगायचं, मी तोंड उघडणार नाही. ते गेले. रात्रभर मला वाटत राहिलं की पुसून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं.

सकाळी मी शटर वर करते तोच दोघं समोर. काकू पुढं, काका दोन पावलं मागं. काकांनी घरी सांगितलेलं नाही हे काकूंच्या चालण्यावरूनच कळत होतं. त्या कालच्याच स्टुलावर बसल्या.

"आलं का गं उत्तर?"

मी ड्रॉवरमधून फोन काढून काउंटरवर ठेवला. काकांकडं बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फोन बरोबर आहे," काका म्हणाले.

काकूंनी फोनकडं बघितलंसुद्धा नाही. त्या नवऱ्याकडं वळल्या. "म्हणजे नऊलाच?"

"नऊलाच. सकाळी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"फेटा बांधताना."

रस्त्यावरून उसाच्या रसाची गाडी घुंगरं वाजवत चालली होती. ती पुढं गेल्यावर काकू अगदी साध्या आवाजात बोलायला लागल्या, जणू आधीपासून हिशेब जुळवत होत्या.

"मी म्हणत होते, हर्षदला फोन लावा. मंगलाष्टका ऐकू देत त्याला. तीनदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, तिकडं रात्र आहे, झोपू दे त्याला."

"रात्रच होती," काका म्हणाले.

"आणि मी फुगडी घातली." आता मात्र त्यांचा आवाज फुटला. "विहीणबाईंबरोबर. पदर खोचून, सगळ्या मांडवादेखत. माझं लेकरू तिकडं तसं पडलंय आणि मी इथं फुगडी घालतेय. तुम्ही समोर उभे होता. टाळ्या वाजवत होता. मला का घालू दिलीत?"

मला वाटलं काका माफी मागतील. हात तरी जोडतील, काल माझ्यापुढं जोडले होते तसे. पण ते तसेच उभे राहिले.

"परत कधी घातली असतीस?" ते म्हणाले.

मी काउंटरवरचे स्क्रू उगाच एका डबीतून दुसरीत भरत बसले. मला तिथून उठून जायचं होतं, आणि वाट या दोघांच्या मधून होती.

मग काकूंनी विचारलं, "तुम्ही जेवलात का त्या दिवशी?"

काकांनी खिशाचं पेन काढून परत लावलं.

"मी पंगतीत वाढत होते, मला तुमच्याकडं बघायला सवड नव्हती. जेवलात का?"

"व्याह्यांनी घास भरवला."

"कशाचा?"

"जिलबीचा."

"आणि गिळलात?"

"फोटो काढत होते," काका म्हणाले.

काकू स्टुलावरून उठल्या. त्यांनी काकांचा दंड धरला आणि त्यांना आपल्या जागी बसवलं. काका बसले, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, फोटोला बसावं तसे. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. तो रडण्याचा आहे हे मला लगेच कळलंसुद्धा नाही. काकू त्यांचं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्या कडेनं अंग चोरून बाहेर पडले.

बाहेर येऊन मी शटर निम्मं खाली ओढलं. एरवी बाजारात आम्ही कुणी गेलं की तसं ओढतो, पण तेव्हा माझ्या मनात तसलं काही नव्हतं. त्या माणसाला रस्त्यावरच्या कुणी बघू नये एवढंच वाटत होतं. शेजारचे झेरॉक्सवाले पिसाळ दुकान झाडत होते. त्यांनी निम्मं शटर बघितलं, आतला आवाज ऐकला आणि झाडू खाली ठेवला.

"कोण गेलं?"

"नलवड्यांचा मुलगा."

"अरेरे. कधी?"

"आत्ताच," मी म्हटलं.